रायडर बदलला, बाईक बदलली, टायरही बदलले… मग जिंकलं कोण?

मोटोजीपी बघणाऱ्यांमधला सगळ्यात जुना वाद कुठला असेल तर तो "बाईक भारी की रायडर भारी?" हाच. टपरीवर हा वाद रात्रभर चालू शकतो, कारण दोन्ही बाजूंकडे उदाहरणं भरपूर असतात आणि पुरावा एकीकडेही नसतो. मला या वादात रस आहे तो जरा वेगळ्या कारणाने. पीएचडीच्या मुलाखतीत "तुमच्या प्रयोगात कंट्रोल काय?" हा प्रश्न हमखास येतो. एमएस्सी झालेली बरीच मुलं त्याची व्याख्या घडाघडा म्हणतात, आणि व्याख्या बरोबरही असते. पण त्याला लागूनच "बरं, तुम्ही तीन गोष्टी एकदम बदलल्यात, मग परिणाम नेमका कशाचा?" असं विचारलं की गाडी अडते.

रेसिंगमध्ये हा प्रश्न करोडो रुपयांचा असतो. मोटोजीपीत (आणि २००२ पूर्वीच्या ५०० सीसी वर्गात) धावणाऱ्या बाईक्स शोरूममध्ये मिळत नाहीत. त्या प्रोटोटाइप असतात, म्हणजे फक्त शर्यतीसाठी बांधलेली, दर वर्षी बदलणारी यंत्रं. एखादी कंपनी विचित्र कल्पना घेऊन येते, बाईक हरते आणि सगळे म्हणतात, "बघा, कल्पनाच फालतू होती." खरंच होती का? की कल्पना बरी होती आणि तिच्यासोबत बदललेलं दुसरंच काहीतरी नडलं? एकाच निकालामागे दोन कारणं अशी गुंतली की ती वेगळी काढता येत नाहीत, त्याला संख्याशास्त्रात कन्फाउंडिंग म्हणतात. हा गुंता करायचा कसा आणि सोडवायचा कसा, दोन्ही शिकायला मोटरसायकल रेसिंगइतकी चांगली शाळा मला तरी माहीत नाही.

होंडाची लंबगोल पिस्टनची बाईक

गुंता कसा करावा याचा आदर्श नमुना म्हणजे होंडाची एनआर५००.

पार्श्वभूमी अशी. होंडाने १९६७ च्या हंगामानंतर ग्रां प्री सोडली. त्यांची ओळख फोर-स्ट्रोक इंजिनांची. १९६० च्या दशकात त्यांनी २५० सीसीमध्ये सहा आणि १२५ सीसीमध्ये पाच सिलिंडर बसवून दाखवले होते. सत्तरीच्या दशकाच्या अखेरीस ते परत यायला निघाले तेव्हा ५०० सीसी वर्ग टू-स्ट्रोक बाईक्सनी व्यापलेला होता आणि नियमाने चारपेक्षा जास्त सिलिंडर चालत नव्हते. तरीही होंडाने ठरवलं की आपण फोर-स्ट्रोकच आणायची.

आता भौतिकशास्त्र बघा. टू-स्ट्रोक इंजिनात क्रँकच्या प्रत्येक फेऱ्याला एक स्फोट होतो, फोर-स्ट्रोकमध्ये दोन फेऱ्यांत एक. म्हणजे तेवढ्याच सीसीमधून तेवढीच ताकद काढायची तर फोर-स्ट्रोक ढोबळमानाने दुप्पट वेगाने फिरवावं लागणार. होंडाने मिनिटाला २३,००० फेरे असं उद्दिष्ट ठेवलं. इतक्या वेगात सिलिंडरमध्ये हवा भरायला वेळच मिळत नाही, त्यामुळे व्हॉल्व्ह जास्त हवेत. आठ सिलिंडर केले असते तर प्रश्न सुटला असता, पण नियम चारचा. मग त्यांनी काय करावं? दोन गोल सिलिंडर शेजारी-शेजारी ठेवायचे आणि मधली भिंत काढून टाकायची! तयार झालं एक लांबट सिलिंडर. त्याचा पिस्टन धावण्याच्या मैदानासारखा, दोन टोकांना अर्धवर्तुळं आणि मध्ये सरळ बाजू. एका सिलिंडरला आठ व्हॉल्व्ह, एका पिस्टनला दोन कनेक्टिंग रॉड. एकूण बत्तीस व्हॉल्व्ह. कागदावर चार सिलिंडर, वागायला आठ.

ही कल्पना मला आजही अफाट वाटते. पण पिस्टन रिंगचा विचार करा. गोल रिंग स्प्रिंगसारखी बाहेर ढकलते तेव्हा भिंतीवर सगळीकडे जवळपास सारखा दाब येतो. लांबट रिंगच्या सरळ बाजूवर तो तसा येत नाही, आणि वायू निसटतो. हा एकच प्रश्न एखाद्या पीएचडीला पुरून उरला असता.

होंडाने मात्र तेवढ्यावर थांबायचं नाही असं ठरवलं. फ्रेमही नवी केली. इंजिनला बाहेरून वेढणारं ॲल्युमिनियमचं पातळ कवच, ज्याला कोळंबीच्या कवचाची उपमा दिली गेली. सगळे १८ इंची चाकं वापरत असताना यांनी १६ इंची घेतली. पुढचा फोर्क उलटा केला. रेडिएटर बाजूंना नेले. आणि त्या काळी शर्यत बंद इंजिनाने, बाईक ढकलत सुरू व्हायची. लहान चाकं आणि हे असलं इंजिन, ढकलून चालू करणं म्हणजे दिव्यच.

ऑगस्ट १९७९, सिल्व्हरस्टोन, ब्रिटिश ग्रां प्री. मिक ग्रँट पहिल्याच फेरीत स्वतःच्याच बाईकच्या सांडलेल्या तेलावर घसरून पडला. दुसरा रायडर ताकाझुमी कातायामालाही शर्यत अर्धवट सोडावी लागली. त्यानंतर फ्रान्सच्या ग्रां प्रीत दोघांनाही पात्रता फेरीच पार करता आली नाही. पुढच्या दोन वर्षांत साधी फ्रेम आली, चाकं पुन्हा १८ इंची झाली आणि बाईक सुधारत गेली. १९८१ मध्ये सिल्व्हरस्टोनलाच फ्रेडी स्पेन्सरने ती पाचव्या क्रमांकापर्यंत नेली होती, पण तिथे इंजिनाने दगा दिला. संपूर्ण कारकिर्दीत एनआर५०० ला जागतिक स्पर्धेत एकही गुण मिळाला नाही. १९८२ मध्ये होंडाने हट्ट सोडून तीन सिलिंडरची टू-स्ट्रोक एनएस५०० आणली. त्याच वर्षी बेल्जियममध्ये स्पेन्सरने ती जिंकवली आणि १९८३ मध्ये विजेतेपदही घेतलं.

निष्कर्ष काय काढायचा? "लंबगोल पिस्टन फेल"? तसं म्हणता येत नाही, आणि गंमत इथेच आहे. त्या बाईकमध्ये निदान पाच मोठे बदल एकत्र होते आणि निकाल एकच: हरली. या निकालातून पाचांपैकी कुठल्याही एका बदलाबद्दल तुम्ही काहीही सांगू शकत नाही. पुढे काय झालं बघा. १६ इंची पुढचं चाक ऐंशीच्या दशकात ५०० सीसी वर्गात फॅशनच झालं, होंडाच्याच विजेत्या एनएस५०० वरही ते होतं. उलटा फोर्क आज प्रत्येक मोटोजीपी बाईकवर आहे, आपल्या रस्त्यांवरच्या कितीतरी बाईक्सवरही. इंजिन ब्रेकिंगमुळे मागचं चाक उड्या मारायचं म्हणून एनआरसाठी स्लिपर क्लच विकसित केला गेला, तो आता मधल्या किमतीच्या बाईक्सच्या जाहिरातीतही असतो. कोळंबीचं कवच मात्र गेलं. आणि लंबगोल पिस्टन? तो चालायला लागला, पण उशिरा. १९९२ मध्ये होंडाने ७५० सीसीची एनआर नावाची रस्त्यावरची बाईक विकली, जेमतेम तीनशे. त्या एका हरलेल्या पॅकेजमध्ये चांगल्या आणि वाईट कल्पना मिसळलेल्या होत्या, आणि त्या वेगळ्या व्हायला दहा-बारा वर्षं लागली.

(एनआरच्या संघातले एक तरुण अभियंते होते ताकेओ फुकुई. ते पुढे २००३ मध्ये होंडाचे अध्यक्ष झाले. घरचे "प्रयोग चाललाय ना?" असं विचारतात तेव्हा ही माहिती उपयोगी पडते.)

चार इंजिनं आणि एक रायडर

आता उलट टोकाला जाऊ. २००३ च्या हंगामात यामाहाची एम१ एकही शर्यत जिंकली नाही, वर्षभरात एकदाच पोडियम मिळालं. त्याच वर्षी व्हॅलेंटिनो रॉसी होंडावर विजेता होता आणि त्याने जाहीर केलं की पुढच्या वर्षी मी यामाहावर. लोकांना वाटलं, हा वेडा आहे.

यामाहाच्या प्रकल्पाची सूत्रं तेव्हा मासाओ फुरुसावा यांच्याकडे आली होती. मूळचे कंपन या विषयातले माणूस. जानेवारी २००४ मध्ये मलेशियातल्या सेपांगला रॉसीसमोर त्यांनी इंजिनचे चार प्रकार ठेवले. दोन प्रश्न होते. एक, प्रत्येक सिलिंडरला पाच व्हॉल्व्ह (यामाहाची जुनी खासियत) की चार? दोन, चार सिलिंडरचे स्फोट समान अंतराने की विषम अंतराने? दोन प्रश्न, प्रत्येकी दोन पर्याय, चारही जोड्या तयार.

हा चक्क दोन बाय दोन फॅक्टोरियल प्रयोग आहे. आपल्याकडे पीएचडी कोर्सवर्कच्या रिसर्च मेथडॉलॉजीत फॅक्टोरियल डिझाइन शेतातल्या खताच्या उदाहरणाने शिकवतात आणि मुलं झोपतात. तिथे ही बाईक उभी करावी असं माझं प्रामाणिक मत आहे.

चारही जोड्या का लागतात? समजा तुम्ही "एका वेळी एकच बदल" हा शाळेतला नियम पाळलात. आधी व्हॉल्व्ह बदलून बघितले, मग जुन्या व्हॉल्व्हवर परत येऊन स्फोटांचा क्रम बदलून बघितला. आकडे मी समजावण्यासाठी घेते, यामाहाचे नाहीत. जुन्या इंजिनाला एका फेरीला १२२.० सेकंद लागतात. फक्त व्हॉल्व्ह बदलले तर १२१.८. फक्त क्रम बदलला तर १२१.५. म्हणजे एका बदलाचे ०.२ आणि दुसऱ्याचे ०.५, दोन्ही केले तर ०.७ सेकंदाचा फायदा, असा आपला हिशोब. पण चौथं इंजिन खरोखर पळवलं आणि १२०.९ आले तर? फायदा १.१ सेकंदाचा. वरचे ०.४ सेकंद कुठल्याच एका बदलाचे नाहीत, ते दोघांच्या एकत्र असण्याचे आहेत. याला इंटरॅक्शन म्हणतात, आणि चौथी जोडी पळवल्याशिवाय ते दिसणं शक्यच नाही. म्हणजे सगळं एकदम बदलणं जितकं आंधळं, तितकंच एकेक बदलून बेरीज करणंही अर्धवट. हे दुसरं वाक्य मुलाखतीत फार थोडे जण बोलतात.

रॉसीने चार व्हॉल्व्ह आणि विषम क्रमाचं इंजिन निवडलं. ते चारांमध्ये सगळ्यात ताकदवान नव्हतं. मग का निवडलं? इथे फुरुसावांचं स्पष्टीकरण मला सगळ्यात आवडतं, कारण ते आपल्या लॅबच्या भाषेत आहे: सिग्नल आणि नॉइज.

रायडर उजव्या मनगटाने थ्रॉटल उघडतो तेव्हा त्याला मागच्या टायरवर किती जोर पोचतोय हे जाणवायला हवं. तो सिग्नल, स्फोटांमुळे येणारा टॉर्क. पण क्रँकवर आणखी एक टॉर्क असतो. पिस्टन वर-खाली जाताना थांबतात, पुन्हा वेग घेतात, आणि ती ऊर्जा क्रँककडून घेतात व त्याला परत देतात. हा जडत्वाचा टॉर्क म्हणजे नॉइज, आणि इंजिन जितकं वेगात फिरतं तितका तो वाढतो.

नेहमीच्या चार सिलिंडरच्या इंजिनात दोन पिस्टन वर असताना दोन खाली असतात, म्हणजे चारही एकाच क्षणी थांबतात. पिस्टनचा वेग ढोबळमानाने साइन θ च्या प्रमाणात धरला तर गतिज ऊर्जा साइन वर्ग θ च्या प्रमाणात. चौघांची बेरीज चार साइन वर्ग θ, म्हणजे शून्यापासून चारपर्यंत हेलकावे. आता क्रँकच्या पिना एकमेकींना ९० अंशांवर बसवा. दोन पिस्टनसाठी साइन वर्ग, उरलेल्या दोघांसाठी कोसाइन वर्ग. बेरीज: २ साइन वर्ग θ + २ कोसाइन वर्ग θ = २. स्थिर! कुठल्याही क्षणी सगळे पिस्टन एकत्र थांबत नाहीत, एकाने सोडलेली ऊर्जा दुसरा घेतो, आणि क्रँकला हेलकावे बसत नाहीत. दहावीत पाठ केलेली ती ओळ इथे कामाला येते. (कनेक्टिंग रॉडची लांबी मर्यादित असल्याने थोडा नॉइज उरतोच, पण मोठा हिस्सा जातो.) या मांडणीत स्फोट आपोआप २७०, १८०, ९०, १८० अंश अशा विषम अंतराने होतात, आणि इंजिनचा आवाज घोगरा होतो. २००९ च्या यामाहा आर१ पासून तो रस्त्यावरही ऐकू येतो.

हंगामातली पहिली शर्यत दक्षिण आफ्रिकेत होती. रॉसी जिंकला, आणि वर्षाअखेर विजेताही झाला.

म्हणजे इंजिनाने जिंकवलं? थांबा. रॉसी होंडातून येताना आपला मुख्य तंत्रज्ञ जेरेमी बर्जेस यालाही बरोबर घेऊन आला होता. सेपांगच्या चाचणीत रायडर एकच होता, इंजिनं चार, म्हणून "कुठलं इंजिन चांगलं" याचं उत्तर तिथे स्वच्छ मिळालं. पण २००३ विरुद्ध २००४ या तुलनेत रायडर, तंत्रज्ञ, इंजिन सगळंच बदललंय. त्याच वर्षी यामाहाच्याच मुख्य संघात असलेला कार्लोस चेका सातवा आला. एकाच गोष्टीत दोन प्रयोग दडलेले असतात, एक नीट आखलेला आणि एक आपोआप घडलेला, आणि पेपर लिहिताना माणूस पहिल्याचा आत्मविश्वास दुसऱ्यावर चिकटवतो.

सिद्धांत बरोबर, तरी बाईक चूक

होंडाची १९८४ ची एनएसआर५०० हे आणखी एक नमुनेदार प्रकरण. वजन खाली असेल तर गाडी स्थिर, हे सगळ्यांना माहीत. म्हणून होंडाने पेट्रोलची टाकी इंजिनाखाली नेली आणि एक्झॉस्टचे जाडजूड पाइप वर, जिथे एरवी टाकी असते तिथे. कारसाठी हा विचार उत्तम आहे. पण कार वळताना झुकत नाही, बाईक झुकते.

छोटं गणित करू. ताशी १५० किमी वेगाने १५० मीटर त्रिज्येचं वळण घ्यायचं, तर वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या गुणिले जी, याची किंमत साधारण १.१८ येते. त्यावरून झुकाव सुमारे ५० अंश. पण हे धारदार, बारीक टायरसाठी. खऱ्या टायरला जाडी असते, झुकल्यावर जमिनीला टेकणारा भाग आतल्या बाजूला सरकतो, आणि तोल राखायला बाईक आणखी झुकवावी लागते. टायरच्या गोलाईची त्रिज्या १० सेंमी आणि गुरुत्वमध्य ६० सेंमी उंच धरला तर हा जादा झुकाव सुमारे ९ अंश. गुरुत्वमध्य ५० सेंमीवर आणला तर सुमारे ११ अंश. म्हणजे वजन खाली नेल्यावर त्याच वेगासाठी बाईक जास्त झुकवावी लागते! शिवाय ब्रेक मारल्यावर पुढच्या टायरवर वजन सरकतं ते उंचीच्या प्रमाणात. उंची कमी म्हणजे पुढच्या टायरवर दाब कमी. गुरुत्वमध्य "जितका खाली तितका चांगला" नसतो, त्याला मधली एक योग्य जागा असते.

त्यात पेट्रोल संपत जाईल तशी बाईक वेगळी वागायची, रायडरला वरच्या पाइपांची धग लागायची, आणि मेकॅनिकला आधी तापलेल्या पाइपांशी झुंजावं लागायचं. स्पेन्सरने त्या वर्षी काही शर्यतींत जुनी तीन सिलिंडरची बाईकच काढली. विजेतेपद यामाहाच्या एडी लॉसनकडे गेलं. १९८५ मध्ये टाकी पुन्हा जागेवर आली, आणि स्पेन्सरने त्याच वर्षी ५०० आणि २५० दोन्ही विजेतेपदं घेतली. इथे कल्पना वेगळी काढून तपासता आली, कारण बाईकमधली मुख्य उलथापालथ एकच होती आणि ती मागे घेता आली.

विचित्र बाईक्सची यादी इथे संपत नाही. फ्रान्सच्या एल्फ या तेल कंपनीने आंद्रे द कोर्तांझ यांच्याकडून पुढच्या फोर्कलाच फाटा देणाऱ्या बाईक्स बनवून घेतल्या. ब्रेकचा जोर आणि सस्पेन्शन वेगळे करायचे, म्हणजे ब्रेक मारल्यावर बाईक नाक खुपसणार नाही. तर्क चोख, पण ते नाक खुपसणं हाच रायडरचा मोजमापाचा काटा होता. त्यावरूनच त्याला पुढच्या टायरची पकड कळायची. एल्फची मागची एकाच बाजूची स्विंगआर्म मात्र होंडाने उचलली. इटलीच्या बिमोटानेही फोर्क नसलेली बाईक काढली, तिचं नाव 'तेझी'. इटालियनमध्ये याचा अर्थ प्रबंध. पिएरलुइजी मार्कोनी यांच्या बोलोन्या विद्यापीठातल्या पदवीच्या प्रबंधातून ती उगवली म्हणून हे नाव. १९९० मध्ये ती बाजारात आली. आपले प्रबंध कुठे जातात ते आपल्याला ठाऊक आहे, त्यामुळे मी यावर जास्त बोलत नाही.

कार्बनचा काय दोष?

आता सगळ्यात गुंतागुंतीचं प्रकरण. २००७ मध्ये केसी स्टोनर डुकाटीवर दहा शर्यती जिंकून विजेता झाला. टीममेट लोरिस कापिरोसी फक्त एक जिंकला. पुढच्या वर्षी त्या जागी आलेला मार्को मेलांद्री हंगामाअखेर सतरावा. २००९ पासून डुकाटीने स्टीलच्या पाइपांची फ्रेम सोडून कार्बन फायबरची आणली. स्टोनर जिंकत राहिला, पण वारंवार पुढचं चाक घसरून पडतही राहिला. २०१० मध्ये तीन विजय.

आणि मग २०११ ला निसर्गाने प्रयोग करून दिला. स्टोनर डुकाटीवरून होंडावर गेला. रॉसी (बर्जेससकट) यामाहावरून डुकाटीवर आला. वैद्यकीय चाचण्यांत क्रॉसओव्हर डिझाइन असतं, आधी या रुग्णाला हे औषध आणि त्याला ते, मग अदलाबदल. ही पूर्ण अदलाबदल नव्हे, कारण बाईक्स तीन आहेत, पण जवळपास तेच. स्टोनर होंडावर दहा शर्यती जिंकून विजेता झाला. रॉसी डुकाटीवर दोन वर्षांत एकही जिंकला नाही, तीन पोडियम तेवढी मिळाली. २०१३ मध्ये यामाहावर परत गेल्यावर त्याच वर्षी आसेनला जिंकला.

टपरीवरचा निष्कर्ष: "स्टोनर रॉसीपेक्षा भारी." जरा नीट बोलायचं तर: डुकाटी कमकुवत होती, आणि तिचा तोटा स्टोनरला कमी व्हायचा, इतरांना जास्त. म्हणजे रायडर आणि बाईक यांचं इंटरॅक्शन. "रायडर किती टक्के, बाईक किती टक्के" या प्रश्नाला म्हणूनच एक उत्तर नाही, ते जोडीवर अवलंबून आहे. आणि रॉसीचा खांदा २०११ च्या सुरुवातीला दुखापतीतून सावरत होता, हेही त्याच खात्यात येतं.

दोषी कोण ठरलं? कार्बनची फ्रेम. कारणही पटण्यासारखं. बाईक पन्नास-साठ अंश झुकलेली असते तेव्हा रस्त्यावरचा धक्का सस्पेन्शनच्या दिशेने येतच नाही, तो फ्रेमच्या आडव्या लवचिकतेने झेलावा लागतो. कार्बनची फ्रेम फार ताठ, म्हणून रायडरला काही जाणवत नाही, असा युक्तिवाद. डुकाटीने मग योग्य ती चाचणी केली. २०११ च्या हंगामातच ॲल्युमिनियमकडे वळले, २०१२ ला पूर्ण ॲल्युमिनियमची फ्रेम आली. इंजिनाची मूळ ९० अंशांची लांबलचक मांडणी तशीच होती. आणि बाईक तशीच वळायला नाराज राहिली! संशयित काढून टाकला तरी गुन्हा चालूच. २०१३ च्या अखेरीस जिजी डाल'इन्या आले, २०१५ ला इंजिनासकट बाईक नव्याने मांडली गेली, आणि ऑगस्ट २०१६ मध्ये ऑस्ट्रियात आंद्रेया इआनोने जिंकला. ऑक्टोबर २०१० नंतरचा डुकाटीचा पहिला विजय.

तरीही "कार्बनची फ्रेम चालत नाही" हे वाक्य कित्येक वर्षं लोक म्हणत राहिले. २०२३ मध्ये केटीएमने (जिच्या ड्यूक आपल्या चाकणला बजाजच्या कारखान्यात बनतात) मिझानोला दानी पेद्रोसाच्या हातात कार्बन फ्रेमची बाईक दिली. पेद्रोसा निवृत्त, फक्त चाचणी रायडर. तो शनिवारच्या स्प्रिंटमध्ये चौथा आणि रविवारच्या शर्यतीतही चौथा. काही आठवड्यांत जपानला केटीएमच्या मुख्य रायडरनीही तीच फ्रेम घेतली. कार्बनमध्ये धाग्यांची दिशा बदलून ताठपणा हवा तिथे आणि लवचिकता हवी तिथे ठेवता येते. "कार्बन म्हणजे ताठ" हे त्या एका बाईकपुरतं निरीक्षण होतं, त्याला पदार्थाचा गुणधर्म करून टाकलं.

एकाच बाईकवर चौघं

चांगली तुलना कशी दिसते? २०२४ बघा. मार्क मार्केझ होंडा सोडून ग्रेसिनी संघात गेला, डुकाटीच्या आदल्या वर्षीच्या बाईकवर. तीच बाईक आणखी तिघांकडे होती: ॲलेक्स मार्केझ, मार्को बेझेकी आणि फाबियो दि जानांतोनियो. चौघांत रविवारची शर्यत जिंकणारा फक्त मार्क, तीन वेळा. "मार्क होंडावरून आला आणि जिंकला" या वाक्यापेक्षा "त्याच बाईकवर बाकी तिघं जिंकले नाहीत" हे वाक्य कितीतरी वजनदार आहे. शिवाय त्याच बाईकने २०२३ मध्ये फ्रान्चेस्को बानायाला विजेतेपद मिळवून दिलं होतं. २०२४ ला मिशेलिनने मागचा टायर नवा आणला, तो नव्या डुकाटीला जास्त मानवला. (हा बानाया २०१६ मध्ये मोटो३ वर्गात महिंद्राच्या बाईकवर आसेनला जिंकला होता, महिंद्राचा ग्रां प्रीतला पहिला विजय तो.)

आता २०२७ येतंय. इंजिन १००० वरून ८५० सीसी, बाईकची उंची खाली-वर करणारी यंत्रणा बंद, एरोडायनॅमिक्सवर कात्री, मिशेलिनऐवजी पिरेली टायर. वर बहुतेक मोठ्या रायडरचे करार २०२६ अखेर संपतायत. म्हणजे रायडर, बाईक, टायर, नियम, सगळं एकाच हिवाळ्यात बदलणार. पहिल्या शर्यतीनंतर "अमुक कंपनीने गणित सोडवलं" असे मथळे येतील, आणि एनआर५०० च्या निकालातून जितकं कळलं तितकंच त्या मथळ्यांतून कळेल. मी वेगळा आकडा काढणार आहे. ज्या संघांत दोन्ही रायडर तेच राहतील, तिथे दोघांमधला फेरीमागचा फरक २०२६ मध्ये किती होता आणि २०२७ मध्ये किती झाला. बाईक आणि टायरचा जो परिणाम दोघांवर सारखाच होतो तो वजाबाकीत निघून जातो. उरतं ते नव्या बाईकशी कोणाचं किती जुळलं तेवढंच. अशा जोड्या किती शिल्लक राहतात, ते करार जाहीर झाले की कळेल.